फाईल नंबर दोन : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०२४

१६ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार (रथसप्तमी)

फाईल उघडली. फाईल नंबर एक घराच्या कर्जाची होती, ती कपाटात गेली, आता ही दुसरी. सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे मी, लिहून ठेवलं नाही म्हणजे झालंच नाही ही सवय हाडात गेलीये, म्हणून मूल हवंय हे दोघांचं ठरल्यावर पहिलं काम काय केलं तर वही आणली. नवरा हसला. हसू दे. वहीत पानाला मधोमध रेघ मारून दोन कॉलम केलेत, डावा माझा उजवा त्याचा, उजवा रिकामा राहिला तर चालणार नाही हे सांगून ठेवलंय.

स्कोप : गणपतीपर्यंत फक्त तयारी, प्रयत्न त्यानंतर. वय माझं ३१, त्याचं ३४. थायरॉइडची गोळी चालू आहे लग्नाआधीपासून. बाकी काही आजार नाही, निदान माहीत तरी नाही.

आज शेवटचं हळदीकुंकू होतं सोसायटीत. वाण प्लॅस्टिकचा डबा. "पुढच्या वर्षी तिळगूळ तिघांना" तीन जणींनी म्हणलं. चालायचंच.

२४ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरबाईंकडे गेलो, दोघंही. आधी त्या म्हणाल्या की प्रेग्नंट नसताना येणारे लोक मला फार कमी भेटतात, पाळी चुकल्यावरच येतात सगळे. मग प्रश्नांची सरबत्ती. पाळी किती दिवसांनी, गोळ्या कुठल्या, चेहऱ्याला काही लावता का (पिंपल्सचं क्रीम दाखवलं, बंद करायला सांगितलं, असल्या काही औषधांनी बाळाला त्रास होऊ शकतो), नात्यातलं लग्न आहे का, घरात कुणाला जन्मतः काही व्यंग, कुणाला सारखं रक्त चढवावं लागायचं का. मी नाही म्हणलं. त्यालाही विचारलं, तोही नाही म्हणाला. तपासण्यांची लांब यादी दिली, सीबीसी, टीएसएच (थायरॉइडची), साखर, ब्लड ग्रुप, रुबेला आयजीजी, थॅलसेमियासाठी (रक्ताचा आनुवंशिक आजार) एचपीएलसी आणि एचआयव्ही, कावीळ बी वगैरे दोघांच्याही.

आणि फोलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, आजपासूनच. मेडिकलवाल्याने ५ मिलिग्रॅमची स्ट्रिप समोर ठेवली, म्हणे सगळे हीच नेतात. ४०० ची मागवून घेतली. वर "गोड बातमी का ताई?" हे फुकट.

२ मार्च, शनिवार

रिपोर्ट आले.

हिमोग्लोबिन १०.९. बारा हवं. लाज वाटून घ्यायचं कारण नाही म्हणाल्या, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अ‍ॅनिमिक निघाल्यात. म्हणजे आपण बहुमतात.
टीएसएच ४.१. रोजच्या जगण्याला चालून जातं पण मूल हवं असेल आणि गोळी चालू असेल तर २.५ च्या खाली आणायचं, डोस वाढवला. दिवस राहिले की परत वाढवावा लागतो, कारण सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच थायरॉइडवर असतं.
एचपीएलसी नॉर्मल, ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) २.८ टक्के. साडेतीनच्या वर असतं तर त्याचीही करावी लागली असती, दोघंही मायनर (म्हणजे नुसते वाहक) निघाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजर, म्हणजे सारखं रक्त चढवावं लागणाऱ्या बाळाची. ही एक काळजी मिटली.
रुबेला निगेटिव्ह. मला वाटलं निगेटिव्ह म्हणजे छान. तर नाही, म्हणजे अंगात प्रतिकारशक्तीच नाहीये, पहिल्या तीन महिन्यांत गोवरासारखं हे साधं पुरळ मला आलं तर बाळाचे डोळे, कान, हृदय सगळ्यावर येऊ शकतं. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, आम्ही तोवर नोकरीला लागलेलो. आमच्या वयाच्या किती जणींना हे माहीत असेल देव जाणे. लस तिथेच घेतली. जिवंत विषाणूची असते म्हणून गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत.

उजवा कॉलम : सगळं नॉर्मल. तंबाखू दिवसातून चार-पाच वेळा मळतो हे डॉक्टरांना त्याने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं. घरी येईपर्यंत बोलला नाही.

१० मार्च, रविवार

लोहाची गोळी पोटात कळ आणते, एक दिवसाआड केली विचारून. सकाळी उपाशीपोटी थायरॉइड, अर्ध्या-एक तासाने चहा, लोह आणि थायरॉइडमध्ये चार तास अंतर, लोहाच्या आसपास चहा नाही, ह्या सगळ्याचं टाइमटेबल फ्रिजवर चिकटवलंय. भाज्या लोखंडी कढईत, वर लिंबू. अळीव भिजवून खोबरं-गूळ घालून लाडू करून ठेवलेत, सासूबाई फोनवर म्हणाल्या आत्ता खा पण दिवस गेल्यावर बंद कर हं, ते बाळंतिणीचं.

२३ मार्च, शनिवार

अक्कलदाढ काढली. गरोदरपणात एक्सरे, अँटिबायोटिक, पेनकिलर सगळंच टाळत बसतात म्हणून हे आत्ताच उरकायचं. दोन दिवस खिमट.

९ एप्रिल, मंगळवार (गुढीपाडवा)

सिन्नरला माहेरी. ही नोंद मोठी होणार.

दुपारी जेवणं झाल्यावर पर्समधून गोळी काढली तर आई म्हणाली कशाची गं. मी म्हणलं फोलिक अ‍ॅसिड, बाळाच्या पाठीचा कणा नीट व्हावा म्हणून आधीपासून घेतात. आई हातातलं ताट तसंच धरून बसून राहिली. मग म्हणाली, हे तेव्हा कुणी दिलं नव्हतं.

तेव्हा म्हणजे कधी?

माझ्याआधी एक मुलगा झाला होता तिला. १९९० साली. मी ३१ वर्षांची घोडी, मला आज कळतंय की मी पहिली नाही. जन्मला तेव्हा पाठीवर खाली कमरेपाशी पाण्याने भरलेली पिशवी होती, पाय हलवत नव्हता. नाशिकला नेलं, थोडे दिवस राहिला. बारसं केलं नव्हतं. आजीने सगळ्यांना सांगितलेलं की मेलेलंच जन्मलं, म्हणजे कुणी काही विचारायला नको, सुनेच्या पोटी असलं मूल आलं असं कुणी म्हणायला नको. मग मी झाले १९९२ ला, धडधाकट, आणि तो विषय बंद झाला. बाबाही कधी बोलले नाहीत. तिने कुणाला शेवटचं कधी सांगितलं विचारलं तर म्हणाली, कुणालाच नाही, तुझ्या मावशीला माहितीये तेवढंच.

मी तिला विचारलं की डॉक्टरांनी काय कारण सांगितलं होतं. कारण कसलं सांगतात, ग्रहणात बाहेर गेली असशील म्हणाली होती तुझी आजी. आणि ती ३३ वर्षं हेच धरून बसलीये की ती ग्रहणात विहिरीवर गेली होती. एम.ए. झालेली बाई. मी गोळीच्या पाकिटावरचं सगळं तिला वाचून दाखवलं, मोबाईलवर चित्र काढून दाखवलं की मणक्याची ती नळी दिवस राहिल्यापासून चारेक आठवड्यांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठ-पंधरा दिवस झालेले असतात, तोवर बाईला नीट कळलेलंही नसतं, आणि ती मिटायची राहिली की पाठीवर अशी पिशवी येते. ग्रहणाचा संबंध नाही, विहिरीचा नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, चित्र परत दाखव.

रात्री वाचत बसले होते. फोलिक अ‍ॅसिडने हे व्यंग परत होणं टळतं हे पक्कं दाखवणारी मोठी ब्रिटिश चाचणी १९९१ ची आहे, आधी असं मूल झालेल्या बायकांमध्ये जवळजवळ तीन-चतुर्थांश केसेस टळल्या. १९९१. दादा (मी त्याला दादाच म्हणणार, माझ्याआधीचा ना) त्याच्या आदल्याच वर्षी गेला. आईला हे सांगितलं नाही. सांगायचं का तेही माहीत नाही.

१३ एप्रिल, शनिवार

डॉक्टरबाईंना फोन न करता सरळ गेले. ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या सख्ख्या भावंडाला असेल तर तुमचा धोका इतरांपेक्षा जास्त धरायचा, ४०० मायक्रोग्रॅम बंद, ५ मिलिग्रॅम रोज. म्हणजे साडेबारा पट. बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत, मग परत कमी. सोबत बी-१२ तपासायला लावलं कारण फोलिकचा मोठा डोस बी-१२ ची कमतरता झाकून टाकतो, आणि आपण शाकाहारी. अपेक्षेप्रमाणे कमी निघालं. अजून एक गोळी.

म्हणजे मेडिकलवाल्याने पहिल्या दिवशी जी स्ट्रिप पुढे केली होती तीच शेवटी माझी निघाली, पण ते त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, आणि डॉक्टरांनाही नव्हतं. ठाऊक होतं फक्त सिन्नरच्या दोन बायकांना. आख्खी लॅब पालथी घातली तरी हे रक्तात सापडलं नसतं.

उजव्या कॉलमला नवीन काम टाकलं : त्याच्या आईला विचारणे. तो म्हणाला काय विचारू, "आई आपल्याकडे कुणाचं काही लपवलंय का" असं? म्हणलं हो, तसंच.

१० मे, शुक्रवार (आखाजी)

धुळ्याला. खान्देशात आखाजी म्हणजे दिवाळीच, नणंद माहेरी आलेली, अंगणात झोका, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. पितरांची घागर भरून झाली आणि तेवढ्यात सासूबाई एकट्या सापडल्या. नवऱ्याने काही विचारलं नाहीच, आंबे चोखत बसला होता, मीच सुरुवात केली आणि आधी माझ्या घरचं सांगितलं. आईचं, दादाचं, सगळं. हे महत्त्वाचं ठरलं असं वाटतं, आपलं आधी टेबलावर ठेवलं की समोरची बाई पण पदर सैल करते.

तर. ह्यांच्या आत्याला साखर, काकांना साखर, सासूबाईंना स्वतःला नणंदेच्या वेळी साखर झालेली. आणि मग हळूच, "ह्याचं लहानपणी ऑपरेशन झालंय ते माहितीये ना". हर्नियाचं, मला माहीत होतं, व्रण आहे. "हर्नियाचं नाही गं. एका बाजूची गोटी खालीच आली नव्हती. चार वर्षांचा असताना उतरवली डॉक्टरने. लोकांना हर्निया सांगितलं, उद्या लग्नाच्या वेळी कुणी नाव ठेवायला नको."

नवऱ्याला स्वतःला माहीत नव्हतं. वय ३४.

परतीच्या एसटीत चांदवड येईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, तुझ्या आजीत आणि माझ्या आईत काय फरक आहे मग. मी म्हणलं माझी आजी गेली, तुझी आई आहे, तिने सांगितलं, हा फरक.

२५ मे, शनिवार

एरवी वर्षभर प्रयत्न करून (बाई पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने) काही झालं नाही तर पुढच्या तपासण्या करतात. पण हा इतिहास असल्यावर वीर्य तपासणी आधीच करून घ्या म्हणाल्या. दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून जायचं असतं. लॅबमध्ये काउंटरवरच्या मुलीने मोठ्याने विचारलं "सिमेन का?" आणि आख्खी रांग वळली. माझं सोनोग्राफीपासून सगळं ह्याच काउंटरवर ओरडून झालंय, तेव्हा ह्याने कधी मान वर केली नव्हती. आज कळलं म्हणे.

रिपोर्ट : काउंट मिलीलीटरला २१ दशलक्ष, हालचाल ४६ टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. चार टक्के वाचून त्याचा चेहरा पडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची रेघ १६, ४२ आणि ४. म्हणजे तीनही रेघेच्या वर किंवा रेघेवर, पण काठावर. नवीन शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, तेव्हा आज तंबाखू सोडली तर फरक ऑगस्ट अखेरीस दिसेल, तेव्हा परत करू. लॅपटॉप मांडीवर नाही, फार गरम पाण्याची अंघोळ नाही.

त्याने पुडी तिथेच डस्टबिनमध्ये टाकली. फिल्मी. चुना मात्र खिशात राहिला तो मी धुवायला टाकताना काढला.

२१ जून, शुक्रवार (वटपौर्णिमा)

दोन गोष्टी.

ऑफिस : एचआरला विचारून घेतलं, आत्ताच, पोट नसताना, कारण नंतर विचारलं की प्रत्येक वाक्याचे अर्थ निघतात. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा, २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आधी घेता येतात, मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. गर्भपात झाला तर ६ आठवडे, हे वाचताना अंगावर आलं पण लिहून ठेवलं. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर द्यायचं. आमच्याकडे कितीतरी जास्त आहेत, पाळणाघर कागदावर आहे, प्रत्यक्षात तिथे जुने मॉनिटर ठेवलेत. मेल टाकला, फोटोसकट. उजवा कॉलम : केंद्र सरकारच्या नोकरीत बाप झाल्यावर १५ दिवस मिळतात, खासगीत कायदाच नाही, त्याच्या कंपनीत पाच. पाच दिवसांत बाळाची नाळ पण पडत नाही धड.

वडापाशी : सोसायटीतल्या एक काकू म्हणाल्या एका ठिकाणी औषध देतात, दिवस राहायच्या आधी आणि नंतर घ्यायचं, मुलगाच होतो. त्यात काय असतं विचारलं तर "काय असतं ते विचारायचं नसतं". मी आज एका पेल्यात किती मिलिग्रॅम काय जातं ते लिहून ठेवणारी बाई. त्यांना सांगितलं की गर्भधारणेच्या आधी मुलगा-मुलगी निवडून देतो म्हणणंसुद्धा १९९४ च्या त्या कायद्यात बसतं, सोनोग्राफीच्या दारावर ज्याची पाटी असते तोच. महाराष्ट्राने तर १९८८ लाच स्वतःचा कायदा केला होता, देशात पहिला. काकू म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या बायका ना.

१४ जुलै, रविवार

गर्भसंस्काराच्या क्लासचा डेमो. श्वासाचे व्यायाम छान होते, ते घेतले. बाळ डॉक्टर व्हावं म्हणून कुठल्या महिन्यात काय ऐकायचं त्याचा तक्ता होता, तो तिथेच ठेवला. फी ऐकून दोघं वडापाव खायला गेलो.

३ ऑगस्ट, शनिवार

टीएसएच २.१. हिमोग्लोबिन १२.२! अळीव, गोळ्या आणि दुपारच्या चहाचा त्याग, श्रेय कुणाला द्यायचं ते द्या. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत बाळंतपण पहिल्या दिवसापासून धरलंय पण मर्यादा ५० हजार, सिझेरियन झालं तर वरचं आपलं. वेगळी पॉलिसी घ्यावी तर वेटिंग दोन-तीन वर्षांचं, तोवर मूल बालवाडीत. त्यापेक्षा दरमहा आरडी लावली.

तंबाखू : आषाढीला गावी मित्रांसोबत एकदा. स्वतःहून सांगितलं, स्वतःच उजव्या कॉलमात लिहिलं. अक्षर घाण आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार

दुसरा रिपोर्ट. काउंट २९, हालचाल ५३, आकार ५. डॉक्टरबाई म्हणाल्या नुसता तंबाखूचाच परिणाम म्हणता येणार नाही, हे आकडे तसेही वरखाली होत असतात. त्याने ते ऐकलंच नाही, सासूबाईंना फोन करून सांगितलं, "आई, २९!" जणू बोर्डाचा निकाल. त्या तिकडे म्हणाल्या, कसले?

११ सप्टेंबर, बुधवार (गौरीपूजन)

तयारी संपली, आता प्रयत्न. अ‍ॅपवर दिवस टाकायला लागले. बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत, म्हणून एकच मुहूर्त धरून बसण्यापेक्षा त्या आठवड्यात एक दिवसाआड पुरतं. जास्त लिहीत नाही, ही वही त्याच्याही हातात असते आणि हल्ली नणंदही विचारते वही कुठे ठेवतेस.

गौरींपुढे काकू परत, "काय मग?" ह्यावेळी नवरा प्रसाद वाटत होता, तोच बोलला, "काकू माझी ट्रीटमेंट चालू आहे." ट्रीटमेंट वगैरे काही नाही. पण हॉलमध्ये जी शांतता पसरली ती वर्णन करायला जमणार नाही, मी मोदकाचं ताट घेऊन किचनमध्ये पळाले आणि ओट्याला धरून हसले.

२० ऑक्टोबर, रविवार

पाळी आली. दोन दिवस उशिरा आली, म्हणून जास्त लागलं. माझ्या वयाला एका महिन्यात राहायची शक्यता पाचात एक धरतात, वर्षभरात दहातल्या आठ जोडप्यांना राहतात, हे सगळं मला येतं, मी दुसऱ्यांना समजावून सांगू शकते. तरी बाथरूममध्ये रडले. तो दाराबाहेर उभा होता, मग म्हणाला वहीत लिहू का मी. लिहिलं त्याने, डाव्या कॉलमात, "आज हिला सुट्टी". स्वयंपाक खिचडी, जळकी.

३ नोव्हेंबर, रविवार (भाऊबीज)

सिन्नर. ओवाळून झालं. धाकट्याचं लग्न गेल्या मे मधलं, भावजय म्हणाली आम्हीपण पुढच्या वर्षी विचार करतोय. मी तोंड उघडायच्या आत आई बोलायला लागली. सगळ्यांसमोर, बाबांसमोर, फराळाची ताटं पुढ्यात असताना. १९९० पासून सगळं. पिशवी, पाय, नाशिक. ग्रहणाचं पण सांगितलं आणि ते खोटं होतं हेही. मग आत जाऊन एक कागद घेऊन आली, मी पाडव्याला मोबाईलवर दाखवलेलं चित्र तिने वहीच्या पानावर उतरवून ठेवलंय, बाजूला स्वतःच्या अक्षरात "२८ दिवस" आणि "गोळी आधी". बाबा चष्मा काढून पुसत बसले, बराच वेळ.

धाकटा म्हणाला पण हे तर ताईचं ना, आमचा काय संबंध. म्हणलं बाळा तो तुझाही सख्खा भाऊ होता, बापाच्या बाजूने असलं तरी डॉक्टरांना सांगायचं असतं, डोस त्यावर ठरतो, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा, माझी स्ट्रिप उचलून द्यायची नाही. शिवाय भावजयीची रुबेला बघायची आहे, तीही ३० ची, लस मिळाली नसणारच.

१६ नोव्हेंबर शनिवारची अपॉइंटमेंट घेतली तिची, आमच्याच डॉक्टरबाईंकडे. धाकट्याला सोबत जायला सांगितलं, तो म्हणाला सुट्टी मिळते का बघतो. आई म्हणाली बघू नकोस, टाक.